पूर आला की आधी नळच कोरडा पडतो! नव्या पंपहाऊसचं विजेचं पॅनेल किती उंच घ्यावं?

काठावरचा | सोम, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, धागा काढायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठाला आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गावातले तिघंचौघं इथं असतात आणि त्यातले दोघं विरोधी पार्टीचे. यंदा ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत मला घेतलंय. का घेतलं? त्या दिवशी ग्रामसभेला मी गैरहजर होतो म्हणून.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या सोप्यात छातीएवढं पाणी होतं. गाव सोडलं, आठवड्यानं परत आलो. पाणी ओसरलं, चिखल काढला, म्हशी परत आल्या, पण नळ काही येईना. ओसरल्यावर अकरा दिवस नळाला थेंब नव्हता. चारी बाजूंनी पाणी बघून आलेली माणसं घागर घेऊन टँकरमागं पळत होती. कारण एकच, नदीकाठच्या खोलीतलं पॅनेल आणि स्टार्टर चिखलात गेलेले. मोटर रिवाइंडिंगला इचलकरंजीला नेली, तर दुकानदार म्हणाला, "ठेवा त्या ओळीत." ओळ दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत. अख्ख्या तालुक्याच्या मोटरी एकाच वेळी बुडालेल्या! २०२१ ला पुन्हा तेच.

आता नवी योजना मंजूर आहे. नकाशात नव्या पंपहाऊसचं पॅनेल जमिनीपासून चार फुटांवर दाखवलंय. मी विचारलं, "साहेब, इथं बारा फूट पाणी असतंय." ते म्हणाले, "स्टँडर्ड ड्रॉइंग आहे."

तर जाणकारांनी सांगावं, किती उंच मागू? आणि पॅनेल सोडून आणखी काय बघायला पाहिजे?

उगाच_एक | सोम, रात्री ९:५२

नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो, म्हणजे पुराचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिण दारातून वाहतं, तेव्हा तुमच्या पॅनेललाही स्नान घडतं. पुण्य लागतं हो, तक्रार कसली करता? (हलके घ्या.)

व्हीटी_पंप | सोम, रात्री १०:३१

उभं आयुष्य पंपहाऊसांत गेलं, आता निवृत्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सांगा, पंप कुठला? व्हर्टिकल टर्बाइन असेल तर मोटर वर, पंपहाऊसच्या मजल्यावर असते आणि खाली शाफ्ट जातो. तिथं मोटरचा मजलाच पूरपातळीच्या वर पाहिजे. जुन्या लोकांनी नदीत उंच जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) बांधून काठापासून पूल टाकला तो काही शोभेसाठी नाही. सबमर्सिबल असेल तर प्रश्न निम्मा सुटतो. ती मोटर जन्मापासून पाण्यातच असते, तिला पुराचं काय? बुडतं ते तिचं पॅनेल. त्यामुळे पॅनेल वर आणि मधला केबल जॉइंट नीट, एवढं केलं की पुरातही मोटर शाबूत राहते.

उंचीचं म्हणाल तर गावात २०१९ ची खूण शोधा. सांगली-शिरोळकडे २०१९ चं पाणी २०२१ पेक्षा वर होतं. सांगलीत आयर्विन पुलाला २०१९ मध्ये पातळी ५७ फुटांवर गेली होती, तिथं धोका पातळी ४५ आहे. कोल्हापूर शहरात मात्र उलटं झालं, राजाराम बंधाऱ्यावर २०२१ ची पातळी वरचढ ठरली. त्यामुळे दुसऱ्या गावाचा आकडा उचलू नका. आपल्या गावातली खूण, तीही पंपहाऊसच्या जागेवर लेव्हल मशीन लावून नेलेली. तिच्यावर किमान एक मीटर. पाणी काही शेवटचं आलेलं नाही.

जलसंपदा विभागाच्या पूररेषाही बघा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाची. पॅनेल लाल रेषेच्या वरच हवं. "स्टँडर्ड ड्रॉइंग" पठारावरच्या गावासाठी असतं, काठावरच्या गावाला जागेप्रमाणे बदलून मिळतं. तोंडी बोलू नका, ठराव करून लेखी मागा.

झिरो_फेज | सोम, रात्री ११:०५

व्हीटी_पंप यांचं सगळं मान्य, पण एक विचारतो. राग मानू नका, मी लाइनवर काम करणारा माणूस. पॅनेल पार टाकीवर नेऊन ठेवलं तरी वीज कुठून आणणार? पाणी चढलं की पहिला फीडर (गावाला येणारी वीजलाइन) आम्हीच बंद करतो. करावाच लागतो, नाहीतर माणसं मरतात. डीपी (ट्रान्सफॉर्मर) पाण्यात, पोल पाण्यात, तारा नावेच्या डोक्याला लागतात. २०१९ ला आम्ही नावेतून जाऊन जंप (तारांचे जोड) तोडलेत.

मग उंच पॅनेलचा उपयोग काय?

व्हीटी_पंप | सोम, रात्री ११:२०

उपयोग ओसरल्यावर. फीडर तुम्ही चार-पाच दिवसांत चालू करता. भिजलेलं पॅनेल दुरुस्त व्हायला पंधरा दिवस जातात. काठावरच्यांचे अकरा दिवस नळ येत नव्हता, त्यातले विजेमुळे किती आणि पॅनेलमुळे किती?

काठावरचा | मंगळ, सकाळी ७:१०

वीज चौथ्या दिवशी आली होती. म्हणजे सात दिवस पॅनेलनं आणि मोटरीनं खाल्ले. असा हिशेब कुणी केलाच नव्हता, सगळे वीजवाल्यांना शिव्या देत होते.

झिरो_फेज | मंगळ, सकाळी ७:२५

ऐकून बरं वाटलं. 😄 मग असं करा, पॅनेलबरोबर डीपीचीही उंची मागून घ्या. डीपी खाली आणि पॅनेल वर असेल तर लग्नात नवरा आला आणि भटजी नाही अशी गत. शिवाय जनरेटरचा चेंजओव्हर स्विच (लाइनवरून जनरेटरवर वळवायचा) आत्ताच बसवून ठेवा. ऐनवेळी जनरेटर भाड्यानं मिळतो पण जोडायला जागा नसते, मग वायरी पिळून जोडतात.

रंकाळ्याकाठी | मंगळ, सकाळी ९:४८

शहरवाले सुटले असं समजू नका. २०१९ ला कोल्हापुरात शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी अशी सगळी उपसा केंद्रं पाण्यात होती. आमच्या गल्लीत पुराचा थेंब नाही, तरी आठवडाभर नळ बंद. शेजारच्या काकूंनी पागोळ्याखाली परात लावली होती, आणि आम्ही हसलो नाही, आम्हीही लावली. त्या आठवड्यात एका घागरीत किती भांडी धुता येतात हे कळलं.

आता २०२३ च्या दिवाळीपासून काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईननं येतं. धरणातून उचलायचं, पन्नासेक किलोमीटर आणायचं आणि पुईखडीच्या टेकावर शुद्ध करायचं. शुद्धीकरण टेकावर असल्यानं पुराची भीती नाही. पण उपसायला वीज लागतेच. त्यामुळे पंचगंगेवरची जुनी केंद्रं मोडीत काढू नयेत असं माझं मत. दोन ठिकाणांहून पाणी आलं पाहिजे, एक बुडालं तर दुसरं.

भांडुपकर | मंगळ, दुपारी १२:१५

रंकाळ्याकाठी, +१. मुंबईचं उदाहरण घ्या. १८ जुलै २०२१, शनिवार-रविवारची रात्र. एवढा पाऊस पडला की भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातच पाणी शिरलं आणि विद्युत यंत्रणा बंद करावी लागली. आशियातल्या मोठ्या केंद्रांपैकी हे एक, निम्म्याहून जास्त मुंबई त्याच्यावर. सकाळी नळ बंद, आणि नंतर आलं तेव्हा महापालिकेनं सांगितलं, उकळून प्या.

तलाव काठोकाठ भरलेले, बाहेर धो धो पाऊस, आणि आम्ही सोसायटीत वीस लिटरचे जार मागवत होतो. जारवाल्यानं त्या दिवशी दुप्पट भाव लावला. त्याचंही बरोबर आहे म्हणा, तो तरी कुठून आणत होता देव जाणे.

अनिवासी_आजोबा | मंगळ, दुपारी ३:०२

हे फक्त आपल्याकडेच होतं असा समज नको. जुलै २००७ मध्ये मी मुलाकडे इंग्लंडात चेल्टनहॅमला होतो. सेव्हर्न नदीला पूर आला आणि ट्यूक्सबरीजवळचं माइथ जलशुद्धीकरण केंद्र बुडालं. साडेतीन लाख लोकांचं पाणी गेलं, काही भागांत दोन आठवड्यांहून जास्त. रस्त्याच्या कडेला पाण्याच्या टाक्या आणून ठेवलेल्या आणि गोरी माणसं बादल्या घेऊन रांगेत! मी सूनबाईला म्हटलं, "हे मला येतं." तिच्या घरात एकही बादली नव्हती. मी कचऱ्याचा नवा डबा विकत आणून धुवून भरला. त्या आठवड्यात त्या घरात माझी किंमत वाढली ती आजतागायत.

त्याच पुरात वॉल्हमचं वीज उपकेंद्र लष्करानं आणि नौदलानं रातोरात तात्पुरती भिंत घालून वाचवलं. ते गेलं असतं तर लाखो घरं अंधारात गेली असती. नंतर माइथला पूरभिंत बांधली आणि त्या भागाला दुसरीकडूनही पाणी मिळेल अशी वाहिनी जोडली. म्हणजे तिथंही उत्तर हेच, उंची आणि दुसरा उद्भव.

अलमट्टीबाधित | मंगळ, दुपारी ४:३०

सगळे पॅनेल पॅनेल करताय, मूळ रोगावर कुणी बोलत नाही. कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची

उगाच_एक | मंगळ, दुपारी ४:३१

आलं. मी पैज जिंकलो.

अलमट्टीबाधित | मंगळ, दुपारी ४:३३

(वाक्य अर्धंच गेलं.) अलमट्टीची उंची वाढली तर तुमचं पॅनेल शिखरावर ठेवा नाहीतर चंद्रावर.

व्हीटी_पंप | मंगळ, सायं. ५:१०

पुराचा अभ्यास करायला राज्यानं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. तुम्हाला तो निष्कर्ष पटत नसेल, तसं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण अलमट्टी खरी असो की खोटी, ती काठावरच्यांच्या समितीच्या हातात नाही. पॅनेल आहे. अलमट्टीवर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

दापोलीची_माहेरवाशीण | मंगळ, रात्री ८:४४

पुरावर बरंच झालं, मी वादळाचं सांगते. ३ जून २०२०, निसर्ग. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं आत शिरलं आणि आमच्या दापोली-मंडणगडकडचे विजेचे खांब काडीसारखे मोडले. माहेरी महिनाभर वीज नव्हती. पूर नाही, काही नाही, पण नळयोजना बंद, कारण पंप विजेवर.

तेव्हा उपयोगाला आली आमची विहीर. तिचा रहाट माझ्या भावानं वादळाच्या सहा महिने आधी काढून भंगारात घालायचा ठरवलं होतं. आईनं घालू दिला नाही, म्हणाली, "खातो का तो काही तुझं?" महिनाभर वाडीतली बारा घरं त्या रहाटावर होती. सकाळी सहापासून त्याचा करकर आवाज. आता भाऊ वर्षातून दोनदा त्याला स्वतःच्या हातानं वंगण घालतो.

तेव्हा दादा, पॅनेल उंच घ्याच, पण गावात जुने आड-विहिरी असतील तर बुजवू नका.

सौरभ_सोलर | मंगळ, रात्री ९:२०

सोलर पंप घ्या. विजेची भानगडच नको. लहान योजनेला परवडतं.

दापोलीची_माहेरवाशीण | मंगळ, रात्री ९:२६

निसर्गमध्ये आमच्या शाळेच्या छपरावरची सोलरची पॅनेलं शेजारच्या आमराईत सापडली. 🙂

झिरो_फेज | मंगळ, रात्री ९:४०

आणि पुरात आठ दिवस सूर्य कुठंय? दुष्काळी भागात सोलर ठीक. नदीकाठी फक्त सोलरवर विसंबू नका, विजेच्या जोडीला असेल तर असू दे.

डॉक्टरीणबाई | बुध, सकाळी ६:५०

नळ चालू झाला म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं असं नाही, हे कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते.

आपल्याकडे पाणी दिवसातून तासभर सुटतं. बाकी तेवीस तास पाईप रिकामा. रिकामा पाईप पुराच्या किंवा गटाराच्या पाण्यात बुडालेला असेल तर प्रत्येक गळतीतून घाण आत ओढली जाते. पुढच्या वेळी पाणी सोडलं की ती थेट तुमच्या हंड्यात. म्हणून पुरानंतरचं पहिलं पाणी वॉशआऊट व्हॉल्व्हमधून (पाईपातली घाण बाहेर काढायचा व्हॉल्व्ह) सोडून द्यायचं, मग टाकी धुवायची, मग टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घालून दुसरं पाणी सोडायचं. नळाशी ओटी टेस्टमध्ये (क्लोरीन तपासायची साधी चाचणी) ०.२ पीपीएम क्लोरीन दिसलं पाहिजे. टाकीशी दिसून चालत नाही, शेवटच्या घराच्या नळाशी दिसलं पाहिजे. शेवटचं घर बहुतेक वेळा दलितवस्तीत असतं आणि तिथं टेस्ट होत नाही, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

टीसीएलचं प्रमाण हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, पण चांगल्या पावडरीचं, ३३ टक्केवालीचं. पुरानंतर तेवढ्यानं ०.२ आलं नाही तर दिसेपर्यंत वाढवायचं. पिशवी उघडी, दमट खोलीत, मागच्या वर्षीची असेल तर तिच्यातलं क्लोरीन केव्हाच उडून गेलेलं असतं. नुसता चुना घालताय तुम्ही. टीसीएल कुठं ठेवलंय बघा. माझ्या भागातल्या एका गावात त्याची पोती त्याच नदीकाठच्या पंपाच्या खोलीत होती.

तुरटीनं पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत. आधी निवळा, मग क्लोरीन, अर्धा तास थांबा. नाहीतर उकळा. आणि चिखलातून फिरलेल्यांनी ताप आला तर अंगावर काढू नये, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो.

काठावरचा | बुध, सकाळी ८:०५

डॉक्टरीणबाई, आमचं टीसीएल कुठंय विचारलं. जलसुरक्षक म्हणाला, "पंपाच्या खोलीत." 🤦

उगाच_एक | बुध, सकाळी ८:०९

म्हणजे नदीचं निर्जंतुकीकरण होत होतं. कर्नाटकनं आभार मानायला हवेत.

शाळेतली_छावणी | बुध, दुपारी १:३०

मी इथं फार लिहीत नाही. पण दोन दिवस वाचतेय, पिण्याच्या पाण्यावर वीस प्रतिसाद झाले आणि संडासावर एक नाही. धाग्यातल्या समितीच्या नावात "स्वच्छता" आहे ना?

२०१९ ला आम्ही एका शाळेत होतो. तीनशेच्यावर माणसं, चार संडास, त्यातला एक शिक्षकांचा म्हणून कुलूपबंद. दुसऱ्या दिवशी तिन्ही तुंबले. पुरुष कुठंही जात होते. बायका पहाटे शेताकडं जायच्या, पण शेतंही पाण्यात. मग बायकांनी पाणी प्यायचंच सोडलं. माझी जाऊ सातव्या महिन्यात होती, तीही दिवसभर दोन घोट. बाटल्यांचे बॉक्स येऊन पडत होते, राजकारणी फोटो काढत होते, आणि आम्ही पाणी पीत नव्हतो कारण प्यायलं की जायचं कुठं? कुलूप तिसऱ्या दिवशी एका आजीनं दगडानं तोडलं. त्या आजीचा सत्कार कुणी केला नाही.

घरी परतलो तर संडासाच्या भांड्यातून उलटं वर आलेलं. घरभर. ते साफ कुणी केलं? आम्हीच.

व्हीटी_पंप | बुध, दुपारी २:४५

वाचून खाली मान घातली. तुमचं बरोबर आहे. आम्ही पाणीवाले आधी पाण्याचं बोलतो, मैल्याचं शेवटी, आणि बहुतेक वेळा बोलतच नाही.

तांत्रिक भाग लिहितो. दोन शोषखड्ड्यांचं शौचालय माळावर छान चालतं. शिरोळसारख्या काळ्या जमिनीत पाणी आधीच मुरत नाही, आणि पावसाळ्यात भूजल वर आलं की खड्डा आतून भरतो. पूर आला की भांड्यातून वर. उपाय म्हणजे जोतं उंच घ्यायचं, खड्ड्यांची वरची कडी जमिनीच्या वर सिमेंटनं बंद करायची, झाकण घट्ट, आणि सेप्टिक टाकी असेल तर बाहेर जाणाऱ्या पाईपला नॉन-रिटर्न (उलट येऊ न देणारा) व्हॉल्व्ह. तो स्वस्त असतो, पण घालायचं कुणाला सुचत नाही. पुरापूर्वी टाकी उपसून पूर्ण रिकामी मात्र करू नका, भूजलानं रिकामी टाकी वर उचलली जाऊ शकते, विशेषतः प्लास्टिकची.

आसाम-बिहारकडच्या पूरभागात उंच ओट्यावरचे हातपंप आणि उंच जोत्यावरचे संडास बांधतात. गावातली छावणीची शाळा कुठली हे ठरलेलं असतं, तर तिथं आधीच ते करता येईल. पूर आल्यावर संडास बांधता येत नाही.

डॉक्टरीणबाई | बुध, दुपारी ३:१०

शाळेतली_छावणी यांचा प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला हवा. पाणी न प्यायल्यानं होणारे मूत्रमार्गाचे संसर्ग छावण्यांत सर्रास असतात आणि ते कुठल्याच पूरहानीच्या आकड्यात येत नाहीत. आणि पॅड टाकायला झाकणाचे डबे, हेही लिहून ठेवा. ऐनवेळी सांगायला बायका लाजतात आणि पुरुषांना सुचत नाही.

जलदूत_लातूर | बुध, रात्री ९:१५

आम्ही लातूरकर हा धागा वाचून वेगळंच काही अनुभवतोय. तुमच्याकडं पाणी जास्त म्हणून नळ बंद, आमच्याकडं पाणीच नाही म्हणून.

२०१६ ला मांजरा धरण कोरडं. पाण्याच्या टाक्यांभोवती मार्चमध्ये जमावबंदी लागली होती, १४४ कलम. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला रेल्वेच्या दहा टाक्या (वाघिणी), पाच लाख लिटर. बघायला गर्दी झाली होती, मी पण गेलो होतो, खोटं कशाला बोलू. ते कृष्णेचं पाणी. तीन वर्षांनी त्याच कृष्णेनं मिरज-सांगलीला बुडवलं तेव्हा आमच्या गल्लीत सगळे टीव्हीसमोर गप्प बसले होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आता उलटी गाडी का नाही सोडत?"

संडासाचा विषय निघाला म्हणून सांगतो, दुष्काळातही तोच आधी मार खातो. फ्लशच्या टाकीला एका वेळी दहा लिटर. आमच्या घरी ड्रममध्ये आठ दिवसांचं पाणी. बायकोनं फ्लशच्या टाकीवर पाटी लावली, "हात लावाल तर जेवण नाही." गावाकडच्या तीव्र उताराच्या भांड्याला तांब्या-दीड तांब्यात काम भागतं. नवीन घर बांधताना मी तेच भांडं बसवलं. पाहुणे हसतात, हसू देत.

रंकाळ्याकाठी | बुध, रात्री ९:४०

जलदूत, उन्हाळ्यात आमच्याकडचंही काही खरं नसतं. नदी आटली की पाणी कमी आणि घाण तेवढीच. इचलकरंजीत २०१२ ला काविळीची साथ आली ती उन्हाळ्यातच सुरू झाली होती. पूर आणि कोरड, दोन्हींत तीच पंचगंगा.

वहीवाला | गुरु, सकाळी १०:२०

मूळ प्रश्नाकडे येऊ का? मी एका गावात ग्रामसेवक होतो, आता बदली झाली. उंचीचं ठरलं, पण आणखी दोन गोष्टी फुकटात होतात.

एक म्हणजे टाकी भरून ठेवणं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३९ चा निरोप आला की उंच टाकी काठोकाठ भरायची आणि आऊटलेट बंद करायचा. गाव चार हजारांचं आणि टाकी दीड लाख लिटरची असेल, तर रोज माणशी पाच लिटर नुसतं प्यायला धरलं तरी वीस हजार लिटर लागतात. म्हणजे सात दिवस. आम्ही २०२१ ला हे केलं. मागं राहिलेल्या माणसांना ओसरायच्या आधीच प्यायचं पाणी होतं, आणि टँकर आला तो जनावरांना दिला.

दुसरी गोष्ट म्हणजे व्हॉल्व्ह. गावात व्हॉल्व्ह कुठं आहेत हे एकाच माणसाला माहीत असतं. बंद करायचा दिवस येतो तेव्हा तो माणूस सासुरवाडीला असतो. त्याच्याबरोबर गावातून फिरा, प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून बघा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा रंगवा. वहीत नको, वही बुडते. माझी बुडाली होती.

झिरो_फेज | गुरु, सकाळी १०:४५

"वही बुडते" 😂 अगदी! आमच्या सेक्शनचा मेंटेनन्स रजिस्टर पण गेला होता. साहेबांनी विचारलं, "बुडाल्याची नोंद कुठंय?" म्हटलं, "रजिस्टरमध्ये."

अलमट्टीबाधित | गुरु, दुपारी १२:००

तरीही माझं म्हणणं तेच. पण टाकी भरून ठेवायची कल्पना बरी आहे, आमच्या सरपंचांना सांगतो.

काठावरचा | पुढचा रवि, रात्री ८:१५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काय झालं ते सांगतो.

लेव्हल मशीनवाला आणला. २०१९ ची खूण आमच्या मारुतीच्या देवळाच्या खांबावर कुणीतरी ऑइलपेंटनं ओढून ठेवलीय, तिथून पंपहाऊसच्या जागेपर्यंत लेव्हल नेली. जागेवर तेरा फूट दोन इंच पाणी होतं असं निघालं. आम्ही बारा धरत होतो! पॅनेल, डीपी आणि चेंजओव्हर त्याच्यावर एक मीटर, असा ठराव झाला. पंप सबमर्सिबलच असणार आहे. विरोधी पार्टीच्या दोघांनीही सही केली, त्यातला एक म्हणाला, "धागा वाचलाय आम्ही." म्हणजे ओळखलंच!

शाळेच्या संडासाला जोतं वाढवायचा दुसरा ठराव. शाळेतली_छावणी ताई, तुमचा प्रतिसाद मी ग्रामसभेत मोठ्यानं वाचला. शेवटपर्यंत वाचता आला नाही, उरलेला अंगणवाडीच्या बाईंनी वाचला. शिक्षकांच्या संडासाची एक किल्ली आता सरपंच बाईंकडं राहणार आहे. टीसीएलची पोती ग्रामपंचायतीच्या माडीवर गेली. जुना आड बुजवायचा प्रस्ताव होता, तो मागं घेतला. आडात टाकलेल्या निर्माल्याचं काय करायचं हा वाद अजून चालू आहे.

आणि व्हॉल्व्ह. आमचे पाणी सोडणारे तात्या पासष्टीचे आहेत. त्यांच्या मागोमाग दोन दिवस गावभर फिरलो, हातात लोखंडी चावी आणि खडू. एकूण सतरा सापडले. तीन गंजून गच्च. दोन रस्त्याच्या काँक्रीटखाली गेलेत, वर कुणाचीच खूण नाही. तात्या रस्त्यावर उभं राहून, पाय आपटून, "इथं" म्हणाले. ठोकून फोडलं तर बरोबर तिथंच.

वहीवाला | रवि, रात्री ८:३२

वा! सतरा म्हणता, पण एवढ्या गावाला वॉशआऊटसकट अठरा-एकोणीस तरी असायला हवेत. आणखी बघा.

काठावरचा | रवि, रात्री ८:५०

अठरावा आहे. लिहायचं टाळत होतो. वॉशआऊटचाच आहे आणि माझ्या गोठ्याखाली निघालाय. वडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वी गोठा पुढं घेतला तेव्हा गेला आत. तात्यांना पहिल्यापासून माहीत होतं, पण म्हणाले, "तुमच्या वडिलांना कोण सांगणार?"

उगाच_एक | रवि, रात्री ८:५१

म्हशी कुठं बांधणार आता?

काठावरचा | रवि, रात्री ८:५८

ते घरात ठरतंय. मी अंगणात बसून हे टाइप करतोय.